आक्काला हरवायचा गेम

आमच्या ह्यांना कसलंही झेरॉक्स मशीन दुरुस्त करता येतं, पण आक्काला हरवता येत नाही. एवढं सांगितलं की माणूस कळला.

आक्का म्हणजे माझी नणंद, ह्यांची थोरली बहीण. शाळेत असताना दोघं व्हिडिओ गेमच्या दुकानात पडीक असायची. तिथे लाल गाडीचा एक रेसिंग गेम होता. बसायला सीट, धरायला खरंखुरं स्टिअरिंग. आक्का सीटवर, हे मागे उभे. कधी चुकून खेळायला मिळालंच, तर हमखास हरायचे. पुढे दुकान बंद झालं, कंपनीनेही तो गेम गुंडाळला. ह्यांच्या मनातून मात्र ती हार काही जाईना.

म्हणून दोन वर्षं खपून ह्यांनी तोच गेम घरी नव्याने बनवला. तेच डोंगर, तोच बोगदा, तीच गाडी. टायरचा आवाज हवा म्हणून बाथरूममध्ये ओल्या फरशीवर रबरी चप्पल घासत बसायचे. शेजारीण विचारायला आली, "सगळं ठीक आहे ना?" काय सांगणार, कपाळ माझं! वर भंगारातून स्टिअरिंग आणून जेवणाच्या टेबलाला ठोकलं. टेबल माझ्या माहेरचं! माझा पारा असा चढला म्हणता. पण इंटरनेटवरच्या त्या गेमच्या वेड्यांनी ह्यांना डोक्यावर घेतलं. म्हणे, अगदी हुबेहूब!

मग एका रविवारी आक्काला बोलावलं. आपलं शिवणाचं दुकान बंद ठेवून ती आली, चष्मा पुसून बसली. आणि चांगल्या सरळ रस्त्यावर गाडी उजव्या कठड्याला! पुन्हा तेच. मग ह्यांची पाळी आली आणि हे जिंकले. जन्मात पहिल्यांदा! खुर्चीवर चढून ओरडले.

"जिंकलास बाबा," आक्का उठत म्हणाली. "पण हा तो गेम नव्हे."

ह्यांचं तोंड एवढंसं झालं. "अगं, जसाच्या तसा आहे!"

"असेल. माझ्या हातांना ओळखीचा वाटत नाही."

ती पाणी प्यायला आत गेली. मी इतका वेळ तिचे हातच बघत होते. म्हटलं, "अहो, रस्ता सरळ असला तरी त्यांचं मनगट उजवीकडे वळलेलंच असतं."

ह्यांनी कपाळावर हात मारला. दुकानातलं ते स्टिअरिंग पोरांनी लोंबकळून लोंबकळून बिघडवलेलं. गाडी कायम डावीकडे ओढायची. आक्का ती सावरतच शिकलेली. ह्यांनी बनवला तो न बिघडलेला गेम.

"गप्प बसलात तर जन्मभर जिंकाल," मी हळूच म्हटलं. "मी काही सांगणार नाही."

"हॅट! मला तिला *त्या* गेममध्ये हरवायचंय." आणि तिथल्या तिथे कीबोर्ड ओढून ह्यांनी गाडीला डावी ओढ लावून टाकली.

आक्का पुन्हा बसली. गाडी सुटली आणि ती खुदकन हसली. "अरे मेल्या, हाच!" मनगट उजवीकडे, गाडी सुतासारखी सरळ. बोगद्यात शिरताना तर शाळकरी पोरीसारखी किंचाळली. हे असे हरले, असे हरले की विचारू नका!

आणि हरून टाळ्या कोण पिटतंय, तर हेच. डोळ्यांत पाणी. "बघितलंस?" मलाच ऐकवत होते, "म्हणालो नव्हतो, हिला कुणी हरवूच शकत नाही!"

स्टिअरिंग अजून टेबलावरच आहे, आम्ही जमिनीवर बसून जेवतो. दर रविवारी आक्का येते, दर रविवारी हे हरतात. आणि शनिवारपासूनच शीळ घालत घरभर फिरत असतात.