रिकामा डबा परत करायचा नसतो

दुबईच्या अल बर्शा भागातल्या त्या इमारतीत ओरेस्तेला नावाने कोणी हाक मारत नसे. वॉचमनपासून वरच्या मजल्यावरच्या हुमेरापर्यंत सगळ्यांचा तो ‘कोच’. साठी उलटलेला, ताडमाड उंच, कपाळावर टाक्यांचे व्रण आणि नाक दोनदा मोडून मग आपल्याच मर्जीने बसलेलं. इटलीत तो वर्षानुवर्षं फुटबॉल खेळला, तोही बचावात. गोल करणाऱ्याला लोक खांद्यावर घेतात आणि गोल अडवणाऱ्याला टाके पडतात, हा तिथलाही न्याय. मोठ्या संघात त्याला कधी कोणी घेतलं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या फळीतल्या क्लबांमधून तो भाड्याच्या सायकलसारखा फिरला, गुडघे संपल्यावर मुलांना शिकवायला दुबईत आला आणि शेवटी एका शाळेच्या मैदानावर येऊन टेकला.

त्याच्या समोरच्या फ्लॅटमध्ये विद्युल्लता राहायची. तिचा डब्यांचा धंदा. नवरा भानुदास रोज गाडीने अबुधाबीला कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत जायचा, मुलगी पर्णिका शाळेत, आणि हिच्या चार शेगड्या पहाटेपासून पेटलेल्या. एकट्या कोचला उभ्याने पाव खाताना पाहून तिनेच एक दिवस डबा नेऊन दिला. संध्याकाळी डबा परत आला तो आरशासारखा लख्ख. विद्युल्लतेने कपाळाला हात लावला.

“कोच, खाली डब्बा वापस नहीं देते. हमारे में अच्छा नहीं मानते. थोडी शुगर डालो, कुछ भी डालो.”

कोचने हे अगदी गंभीरपणे ऐकून घेतलं, संघाचा नवा नियम ऐकावा तसं. दुसऱ्या दिवशी डब्यात एक खजूर होता. मग कधी लिंबू, कधी पर्णिकेसाठी चॉकलेट, कधी त्याच्या बाल्कनीतल्या बेसिलची डहाळी. “ही तर आपल्या तुळशीची चुलत बहीण,” म्हणून विद्युल्लता ती देवापुढे ठेवायची. सात वर्षांत एकदाही डबा रिकामा आला नाही. इथे सख्खे नातेवाईक सुटीत आले तरी नुसते खाऊन जातात, हे तिने भानुदासला मुद्दाम ऐकवलं होतं. कारण ते नातेवाईक त्याच्याकडचे होते.

डबा द्यायला आला की कोच दारातच उभा राहून आपली कारकीर्द सांगायचा. उंचावरून आलेला प्रत्येक बॉल त्याचा. बोटांनी कपाळ टकटक वाजवून म्हणायचा, “धिस हेड, सिन्योरा, बिल्ट माय मदर्स हाऊस.” आणि सगळं सांगून झालं की एक गोष्ट उरायचीच. हंगामाचा शेवटचा सामना होता, बॉल गोलासमोर आला होता. सोडला असता तर समोरच्याने गोल केलाच असता. याने डोकं घातलं आणि बॉल आपल्याच जाळ्यात गेला. क्लब खालच्या फळीत उतरला. गावच्या बेकरीवाल्याने त्याच्या आईला वर्षभर शिळा पाव दिला. “आय वॉज सेव्हिंग,” कोच म्हणायचा, “नोबडी सॉ आय वॉज सेव्हिंग.” विद्युल्लतेला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण शिळ्या पावाचं तिला बरोबर कळलं.

मग एका संध्याकाळी डब्यात मोजा निघाला.

ती हसली. म्हटलं, म्हाताऱ्याला चेष्टा सुचतेय. पुढच्या आठवड्यात घराची किल्ली निघाली, मग टीव्हीचा रिमोट. हसू हळूहळू आटलं. पर्णिका कोचच्याच संघात होती, तीही एकदा जेवताना म्हणाली, “आई, ही फरगॉट माय नेम अगेन. ही टॉट अस द सेम थिंग थ्राइस टुडे.”

रिमोट परत द्यायला विद्युल्लता गेली तेव्हा कोच खुर्चीत बसून होता. त्याला ठाऊक होतं. डॉक्टरकडे जाऊन आला होता तो. इतकी वर्षं डोक्याने अडवलेले बॉल आत कुठेतरी साठून राहिले होते आणि आता हिशेब मागत होते, असं काहीसं डॉक्टरने सांगितलं होतं. त्याने तिचे दोन्ही हात धरले.

“नॉट टेल स्कूल, सिन्योरा. प्लीज. नो जॉब, नो व्हिजा. देन खलास.”

“नहीं बोलूंगी,” ती म्हणाली. शब्द देताना माणूस फार विचार करत नाही, तो पाळताना करावा लागतो.

भानुदासला सांगितलं तर तो म्हणाला, “विद्या, आपण कशाला मध्ये पडायचं? आपला व्हिजापण कंपनीच्याच हातात आहे ना?” पण ती पडलीच मध्ये. रोज दुपारी पर्णिका कोचला मैदानापर्यंत सोबत करू लागली, वाटेत मुलींची नावं त्याच्याकडून घोटून घेऊ लागली. विद्युल्लता त्याच्या दाराची जादा किल्ली आपल्याकडे ठेवू लागली. असे कित्येक महिने निभावले. तिला वाटायला लागलं, असंच निभेल. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण मूठ किती दिवस झाकून ठेवायची हे कोणी सांगत नाही.

एप्रिलमध्ये ऊन तापलं. त्या दिवशी पर्णिका घरी आली ती रडतच. कोचने मुलींना हेडर शिकवायला घेतले होते. बॉल उंच टाकायचा, मुलीने डोक्याने मारायचा. हुमेराची लायबा पुढे होती. किती झाले हे कोच विसरला. “वन मोअर,” म्हणत राहिला. लायबाने मारला की पुन्हा “वन मोअर”. त्याचं वाईट वाटेल म्हणून एकही मुलगी थांब म्हणाली नाही. शेवटी लायबा मैदानातच ओकली आणि खाली बसली.

हुमेरा म्हणाली, “उन्हाने झालं असेल गो, विद्याभाभी. पोरी पाणी कुठे पितात?” विद्युल्लतेने मान हलवली आणि घरी येऊन बाथरूमचा नळ सोडून रडली. लायबाच्या कपाळावर लाल वळ होता, बरोबर तिथेच, जिथे कोच टकटक करायचा.

दोन दिवस तिच्या हातची भाजी खारट झाली. शब्द दिला होता. दुसरीकडे लेकरांची डोकी होती. बोललं तर एक माणूस बुडणार, नाही बोललं तर उद्या पर्णिका त्या रांगेत उभी. कोणाला विचारणार? देवाला विचारलं, तर देवापुढे कालचीच डहाळी. तिसऱ्या दिवशी डबे पाठवून ती शाळेत गेली आणि सुपरवायझर बाईंना सगळं सांगून टाकलं. बाई सभ्य होत्या. तुमचं नाव येणार नाही, म्हणाल्या. आठवड्यात कोचची नोकरी गेली.

तो डबा घेऊन दारात आला तो संतापूनच. “समबडी टोल्ड. सिन्योरा, यू फाइंड हू. यू फाइंड.” तिने होकार दिला. दुसरं काय करणार होती? संकट अडवायला गेली आणि आपल्याच माणसाच्या ताटातला घास काढून घेतला. लेकरं वाचली म्हणून कोणी टाळ्या वाजवणार नव्हतं, आणि वाजवल्या असत्या तर तिला त्या ऐकवल्या नसत्या.

खरी शिक्षा पुढे होती. दुसऱ्या दिवशी दुपारी कोच शिट्टी गळ्यात घालून, बूट बांधून दारात उभा. “प्रॅक्टिस. व्हेअर इज पर्निका?” तो विसरला होता. विद्युल्लतेने चाचरत सांगितलं, कोच, नोकरी गेली. तो नव्याने कोसळला, तिच्या उंबऱ्यावर बसून हुंदके देऊ लागला. तिसऱ्या दिवशी पुन्हा शिट्टी, पुन्हा बूट, पुन्हा तेच. एकाच माणसाची नोकरी तिने अशी रोज घेतली. मग तिच्याने होईना. “आज छुट्टी है, कोच,” ती म्हणू लागली. तो आनंदाने बूट काढायला परत जायचा. सामन्यांची, क्लबांची नावं एकेक करून गळाली. शिळा पाव तेवढा राहिला. “आय वॉज सेव्हिंग,” तो मध्येच म्हणायचा आणि कशाबद्दल ते त्याला आठवायचं नाही. तिला मात्र तेव्हा जागच्या जागी मरावंसं वाटायचं.

व्हिजाची मुदत संपत आली तशी इटलीहून बहीण आली. पांढऱ्या केसांची, कामाला वाघ. दोन दिवसांत घर आवरून तिने बॅगा भरल्या. शेवटच्या रात्री विद्युल्लतेने साधं वरण, भात, तूप असा डबा दिला. त्याला तेच आवडायचं.

सकाळी लिफ्टपाशी तिघे उभे होते. पर्णिका शाळेत गेली होती. कोचने कोट घातला होता, गळा मोकळा होता. त्याने विद्युल्लतेकडे पाहिलं आणि अनोळखी बाईपुढे झुकावं तसा अदबीने झुकला. “गुड मॉर्निंग, मॅडम.”

बहिणीने डबा तिच्या हातात ठेवला. “थँक यू. आय वॉश, व्हेरी क्लीन.” मग ओशाळून म्हणाली, “ही पुट हिज व्हिसल इनसाइड, इमॅजिन. आय टेक आउट. टू डेज आय सी, ऑलवेज ही पुट समथिंग इन युअर बॉक्स. सॉरी. इट इज द डिसीज.”

“नो, नो,” विद्युल्लता म्हणाली, “नॉट डिसीज. वो तो... इन अवर...” पुढे शब्द येईना. हिंदीत येईना, इंग्रजीत येईना, आणि मराठीत सांगून उपयोग नव्हता. मला द्या ती शिट्टी, एवढं तरी म्हणायचं होतं. पण ज्या तोंडाने शाळेत जाऊन सांगितलं त्याच तोंडाने मागायची कशी? लिफ्ट आली. बहिणीने आधी बॅगा आत ढकलल्या, मग भावाला हाताला धरून आत घेतलं. दार मिटेपर्यंत कोच तिच्या हातातल्या डब्याकडे बघत होता.

घरात येऊन तिने झाकण उघडलं. डबा आरशासारखा लख्ख होता आणि आत काही नव्हतं.