गोटीरामचा उजवा पाय

सखू लग्न होऊन करंजाड्याला आली त्याच वर्षी एका दुपारी तिने बापलेकाचं भांडण ऐकलं. ती आत चुलीपाशी होती. सासरा शिवराम आणि नवरा गोटीराम बाहेर ओट्यावर. गोटीराम मिठाची गाडी रिकामी करून आला होता, उन्हाने नुसता भाजून निघालेला. शिवराम त्याला म्हणत होता, की अरे, येताना सगळे गाडीवान गाडीत आडवे होतात, बैल आपले घर शोधत येतात. तूच एकटा कासरा आवळून बसतोस. बैलाला रस्ता माहीत हाय.

"बैलाला रस्ता माहीत हाय," गोटीराम म्हणाला, "पन रस्त्यात कोन आडवा येनार, ते बैलाला माहीत नाय."

बाप चिडला. म्हणाला, हा स्वतः झोपणार नाही आणि घरातल्या कोणाला सुखाने बसूही देणार नाही. सासऱ्याच्या तोंडून निघालेलं ते एक वाक्य मात्र अगदी खरं ठरलं, आणि त्याचं सगळं फळ सखूच्या पदरात पडलं.

पुढे बैल गेले, शेतं सिडकोकडे गेली, न्हावा शेव्याला बंदर आलं आणि गोटीराम ट्रेलरवर चढला. कंटेनर ओढता ओढता केस पिकले. माणूस निर्व्यसनी, शिव्या न देणारा, गाडीला कधी ओरखडा नाही. पण घरी आला तरी त्याच्या हातातलं चाक काही सुटायचं नाही. सखू भाताचं पातेलं उतरवायला लागली की मागून आवाज यायचा, दमानं, डावीकडं जागा हाय. सून मोरीत गेली तरी हा बाहेरून सांगणार, पुढं वल्लं हाय. बायकांनी काय वैतागावं तरी किती!

मग त्याच्या उजव्या पायाने दगा दिला. वेगाचा पायटा, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर, दाबून दाबून पोटरीत गोळे यायला लागले. धक्क्यावरचं काम सुटलं आणि गोटीराम घरी बसला. म्हणजे बसला कसला, सगळ्या घराला हाकायला लागला. दारात रिक्षा वळली की हा उठून हात दाखवणार. शेजारचे रिक्षावाले त्याला बघून आधीच गल्लीच्या तोंडाशी थांबायला लागले. सखूने गावदेवीला नारळ बोलला, की आई, या माणसाला एखादी गाडी दे, नाहीतर मला तरी दुसरं घर दे.

देवीने दोन्ही एकत्रच दिलं.

वाशीला मधुकर म्हणून एक साहेब होते, रबाळ्याला त्यांचा छोटा कारखाना. भला माणूस, पण नवीन यंत्र दिसलं की लहान मुलासारखा व्हायचा. बंदरावरच्या लिलावात त्यांनी एक परदेशी गाडी घेतली. गाडी कसली, घरच ते. आत पलंग, ओटा, फ्रिज, गॅस, पडदे. चाक डाव्या बाजूला, आणि गियर आपोआप पडायचे. ती त्यांनी इमारतीखाली लावली, तर सोसायटीने हरकत घेतली. ही गाडी धरायची की बिऱ्हाड, यावर दोन सभा झाल्या. शेवटी ती रबाळ्याला कारखान्याच्या अंगणात गेली, आणि एवढं धूड चालवायला जुना, शांत डोक्याचा ड्रायव्हर म्हणून गोटीरामचं नाव निघालं.

सखूने देवीचा नारळ फोडला. पण सुख तिच्या वाट्याला असं सरळ कधी येतंय?

त्या गाडीच्या चाकापाशी एक बटण होतं. क्रूझ कंट्रोल म्हणायचे त्याला. मधुकररावांनी फार प्रेमाने समजावलं, की सपाट रस्ता लागला की बटण दाबायचं, पाय उचलायचा. गाडी तोच वेग धरून आपली आपण धावते. ब्रेकवर पाय ठेवला किंवा बटण पुन्हा दाबलं की सुटते. गोटीरामने सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि बटण काही दाबलं नाही. लोणावळ्याला जाऊन आले, नाही दाबलं. नाशिकला जाऊन आले, नाही दाबलं. रोज घरी येऊन पोटरीला तेल मात्र चोळून घ्यायचा, आणि चोळायला कोण, तर सखू.

मधुकरराव हिरमुसले. यंत्र घ्यायचं आणि वापरायचं नाही, हे त्यांना सोसेना. शिवाय पाय दुखतो हेही दिसत होतं. एक दिवस ते हळूच बोलले, की काका, तुम्हाला झेपत नसेल तर दुसरा माणूस बघू का? गोटीराम घरी येऊन न जेवता भिंतीकडे तोंड करून बसला. हा माणूस पुन्हा घरी बसला, तर एक तर तो झुरून मरणार होता, नाहीतर घरातली माणसं.

"उद्या अलिबागला जायचं ना तुमाला? मी पन येते मासं तळायला, सायबांच्या बायकोनं, सुचित्राबाईंनी बोलावलंय," ती तेल चोळता चोळता म्हणाली. "सपाट रस्ता आला की ते बटन दाबायचं. नाय दाबलं तर हा पाय यापुढं तुमचा तुमी चोला."

एवढ्या धमकीनंतर कोण काय करणार? कर्नाळा ओलांडून पेणच्या बाजूला सरळ रस्ता लागला, रहदारी तुरळक होती, आणि गोटीरामने बटण दाबलं. शेजारी बसलेल्या मधुकररावांनी टाळ्या वाजवायचंच बाकी ठेवलं. सुचित्राबाई मागे पडदा सारून बाहेर बघत होत्या. सखूने, घर आहे म्हटल्यावर, गॅस पेटवून सुरमईचे तुकडे तव्यावर सोडले होते. कोणी सांगितलं नव्हतं तिला, की चालत्या घरात असं करू नये.

मासा परतताना तिने सहज पुढे पाहिलं, आणि तिचा हात थांबला. गोटीराम मांडी घालून बसला होता. चपला खाली काढून ठेवलेल्या, उजवा पाय डाव्याखाली मुडपलेला, पाठ ताठ. आयुष्यात पहिल्यांदा गाडीत पायाला काम नव्हतं, आणि काम नसलेला पाय माणूस कुठे ठेवतो? जिथे घरी ठेवतो तिथे. चेहऱ्यावर तर असं सुख, की सखूलाच लाज वाटली. इतकी वर्षं तेल चोळून तिने हे सुख कधी आणलं नव्हतं.

पेण जवळ आलं. रस्त्याकडेला मूर्ती घडवणाऱ्यांच्या शेडी लागल्या. एका शेडीतून दोघे जण हातगाडी ढकलत निघाले, तिच्यावर कच्चे पांढरे गणपती दाटीवाटीने बसवलेले. हातगाडी भर रस्त्यात आली आणि तिचं चाक खड्ड्यात अडकलं.

गोटीरामने वेळेत पाहिलं. तो बघण्यात कधीच चुकला नव्हता. पण पाय उचलायला गेला तर पाय तिथे नव्हता, नुसत्या मुंग्या होत्या. बटणाचा त्याला विसर पडला, मधुकररावांनाही पडला. गाडी आपली दिलेला वेग इमानाने सांभाळत गणपतींकडे निघाली. तेव्हा गोटीरामने एका हाताने चाक धरलं, दुसऱ्याने आपलाच पाय धोतराच्या गाठोड्यासारखा उपसला आणि ब्रेकवर टाकला.

गाडी थांबली. हातगाडीत आणि तिच्यात एखादं माणूस आडवं होऊन जाईल इतकीच जागा उरली. तवा ओट्यावरून खाली, सुरमई सुचित्राबाईंच्या साडीवर, तेल सगळं खाली चटईवर. कोणी भाजलं नाही, ती देवीचीच दया.

हातगाडीवाला म्हातारा खिडकीपाशी आला. गोटीरामची एक मांडी अजून तशीच होती. ती बघून तो म्हणाला, "गाडी चालवताय का पंगतीला बसलाय?"

गोटीरामने तीही मांडी मोडली आणि चपला पायात घातल्या. परतीच्या वाटेवर बटणाला कोणी हात लावला नाही. रबाळ्याला पोचल्यावर त्याने किल्ली मधुकररावांच्या हातात दिली आणि म्हणाला, माणूस बघा दुसरा.

तेव्हा सखू पुढे झाली. साडीवरच्या हळदीच्या डागाबद्दल आधी सुचित्राबाईंची माफी मागितली, मग म्हणाली, "साहेब, याला बटन नको आन लांबचा रस्ता पन नको. पन गाडी काढू नका याच्याकडून. उभी गाडी गंजते. आठवड्यातनं एकदा याला इथल्या इथं फिरवू द्या. मी हात जोडते, याला सातही दिवस घरी ठेवू नका."

सुचित्राबाईंना आधी हसू फुटलं, मग साहेबांना. किल्ली परत गोटीरामच्या हातात आली. साहेबांचा जीव पुढे दुसऱ्याच कसल्या यंत्रात गुंतला. लांबचे प्रवास बंद पडले, पण रविवारची फेरी चालू राहिली, वर्षामागून वर्षं.

गोटीरामच्या आयुष्यातला तो रविवार शेवटचा, पण त्या दिवशी ते कोणाला ठाऊक होतं? गोटीराम सकाळी रबाळ्याला गेला. काच वर्तमानपत्राने पुसली, टायरांना एकेक लाथ घालून हवा पाहिली. कारखान्यापासून पंपापर्यंत आणि पंपापासून कारखान्यापर्यंत गाडी बैलाच्या चालीने नेऊन आणली, पाय पूर्ण वेळ पायट्यावर. मागचा डावा टायर बसतोय, असं वॉचमनला दोनदा बजावलं. किल्ली दिली. येताना पनवेलला उतरून सखूने सांगितलेले बोंबील घेतले.

सखूने पिशवी उघडून बघितली आणि म्हणाली, पानी किती सुटलंय याला, बघून घेत जा की जरा. तो म्हणाला, दमानं, उंबऱ्यात पाट हाय. आणि पाय धुवायला मोरीकडे गेला.