लॉर्ड साहेबाचा पव्वा

दिवाळीच्या आदल्या दिवशी मॅनेजरने माझ्या हातात दारूचा पव्वा ठेवला आणि म्हणाला, "ले, तेरे आदमी का त्योहार हो गया."

आधी ऑफिसातल्या माणसांची वेगळी रांग लागली. त्यांना काजूकतलीचे डबे मिळाले. मग आम्हा लेबलवाल्या बायकांची पाळी आली आणि टेबलाखालून खोकी निघाली. दरवर्षी असंच. डबा त्यांना, पव्वा आम्हाला. बायकांना पव्वा! बीरगांवच्या कामगार वस्तीतल्या बाया आहेत, म्हणजे घरी पिणारा असणारच, हे त्यांनी धरूनच ठेवलेलं.

मी दारूच्या कारखान्यात बाटल्यांवर लेबल लावते. आत स्वस्तातली दारू, वर नाव 'लॉर्ड ब्रॅमफर्ड'. टोपीवाला गोरा साहेब, मिशीला पीळ दिलेला. असा लॉर्ड कुठं जन्मला नाही, मालकाच्या पोराने त्याला कॉम्प्युटरवर काढला. एकदा तो पोरगा पाहुण्यांना घेऊन आला होता. आमच्यासमोर उभं राहून सांगत होता, "नाम अंग्रेज़ी रखो. मज़दूर भी साहब बनके पिएगा." पाहुणे हसले. आमची घरं बुडवायची युक्ती आमच्याच तोंडावर सांगितली, जणू आम्हाला हिंदी कळतच नाही.

माझा नवरा हाच लॉर्ड पिऊन साहेब व्हायचा. लोखंडाच्या रोलिंग मिलमधून सुटला की सरकारी दारूचं दुकान, मग घर. घरी आला की माझ्यावर हात. पोरगी बारावीला, कानात बोटं घालून अभ्यास करायची. यंदा बुद्धपौर्णिमेला तो विहारात उभा राहिला आणि पाचवं शील सगळ्यांत मोठ्यानं म्हणाला. दारूला शिवणार नाही. हात थरथरायचे त्याचे, भाकरीचा तुकडा मोडता येत नव्हता. पण नाही शिवला. ते शील मीही म्हणते, दर रविवारी, नखांत लेबलाचा गोंद घेऊन. लाज वाटते. पण चूल दुसऱ्या कशावर पेटत नव्हती.

आणि आता हा पव्वा. घरी नेला तर सगळं मातीत. माझ्या मागची बाई पुटपुटली, "घेऊन घे न बाई. मले दे, मी इकून टाकीन. काहून वाद करून राहिली?"

तिचं चुकत नव्हतं. पण 'तेरे आदमी का' हे शब्द मला गिळवेनात. ज्या माणसाने एवढ्या हालात दारू सोडली, त्याला न बघताच या मॅनेजरने बेवडा ठरवलं होतं. मी पव्वा टेबलावर परत ठेवला.

"साब, मेरा आदमी नहीं पीता. विहार में कसम खाई है."

"बीरगांव में कौन नहीं पीता?" तो ऑफिसवाल्यांकडे बघून म्हणाला. डबे काखेत धरून सगळे खो खो हसले.

"मेरे को भी मिठाई का डिब्बा दो."

तो म्हणाला, "साल भर यही काम करती है, तब धरम कहाँ जाता है तेरा?"

वर्मावर बसलं. मान खाली गेली माझी. मग अंगाची आग झाली.

"दारू तो मालिक बनाता है, साब. उनके घर पव्वा भेजते हो क्या?"

कोणी हसलं नाही. डबाही मिळाला नाही.

सुट्टीनंतर मला लेबलावरून काढलं, जुन्या बाटल्या धुवायला लावलं. दिवसभर पाण्यात उभी असते. काच लागते. नवरा म्हणतो, "सोड ते काम. दुसरं पाहू कुठं." मी म्हटलं, "आत्ता नाही सोडत. आत्ता सोडलं त त्या मॅनेजरले वाटन, हाकलली बाईले."

जेवणाच्या सुट्टीत मी बाकीच्या बायकांना सांगते, पुढच्या दिवाळीला पव्वा घ्यायचा नाही, सगळ्यांनी मिठाईच मागायची. त्या ऐकतात, जेवणाचा डबा बंद करतात, उठून जातात. अजून एकही हो म्हणाली नाही. त्यांना भीती आहे, मलाही आहे.

पुढच्या दिवाळीला मी ऑफिसवाल्यांच्या रांगेत उभी राहणार आहे. कोणी आली तर बरं, नाही तर एकटी. तिथून मला बाहेर काढायचं असेल तर हाताला धरून ओढावं लागेल, सगळ्यांच्या देखत. मी आपल्या पायांनी हलणार नाही.