मामा भिंती बघायला थांबतो

माझा मामा रंगारी. मीठ आणायला पाठवलं तरी वाटेत भिंत दिसली की तिच्यासमोर उभा राहणार, हा त्याचा लौकिक. मान तिरकी, डोळे अर्धे मिटलेले. संध्याकाळच्या उन्हात पिवळी भिंत हळूहळू जांभळी होत जायची आणि मामा तिच्यात विरघळल्यासारखा दिसायचा.

"कलावंत आहेत हो," शेजारी म्हणायचे.

"कलावंताला सांगा, दुकान बंद होतंय," मामी म्हणायची.

मीही कौतुकाने शेजारी उभा राहायचो. तो हळूच सांगायचा, "या निळ्याखाली हिरवा आहे. हिरव्याखाली गुलाबी. नीट बघ, दिसतो." सिगारेटचा धूर त्या रंगांवरून तरंगत जायचा आणि वाटायचं, आपण दोघं पाण्याखालच्या कुठल्यातरी गावात उभे आहोत. गुलाबी मात्र मला कधीच दिसला नाही.

हल्ली त्याचं भिंतीप्रेम फारच उतू चाललं होतं. गल्लीच्या टोकापर्यंत जायलाही मुक्काम लागायचे. परवा तर कमालच झाली. पाडलेल्या गोदामाच्या मोकळ्या जागेसमोर तो थांबला. मान तिरकी, डोळे अर्धे मिटलेले. समोर नुसतं गवत, आणि गवतात एक शेळी.

"अहो," मामी म्हणाली, "शेळीला कुठला रंग द्यायचाय?"

मामा हसला. पण त्याने पोटरी घट्ट दाबून धरली होती. मामीचा चेहरा उतरला.

"कधीपासून?"

"जरा चाललं की आवळते. थांबलं की सुटते."

"आणि शिडीवर?"

मामा पुन्हा शेळीकडे बघू लागला. शिडी सुटली की रंगाऱ्याच्या वाट्याला कुंपणं तेवढी उरतात, हे कुणी बोलायची गरज नव्हती.

डॉक्टरांनी पायाला गारगार जेल फासून यंत्र फिरवलं. पडद्यावरच्या करड्या अंधारात एक लाल नदी चमकत येत होती आणि एका वळणावर दोऱ्याएवढी होत होती.

"रक्तवाहिनीची भिंत जाड झालीय. आत चरबीचे थर बसलेत. बीपी आहे, कोलेस्टेरॉल आहे, आणि मुख्य म्हणजे तुमची सिगारेट."

मामाची मान आपोआप तिरकी झाली. "थरावर थर. जुना न काढताच." मग आशेने, "खरवडून टाका की, डॉक्टर!"

"ती भिंत खरवडायची नसते. नवा थर चढू द्यायचा नाही. सिगारेट आजपासून बंद, गोळ्या चालू, आणि रोज चालायचं. दुखलं की थांबा, सुटलं की पुन्हा चाला."

"मी तेच तर करतोय!"

"आता खोटं न बोलता करा," मामी म्हणाली.

"आणि शिडी?"

"चालणं वाढू दे, मग बघू," डॉक्टर म्हणाले.

शिडी अंगणात टेकून आहे. मामी मुद्दाम तिच्यावर ओले टॉवेल टाकते. संध्याकाळी दोघं निघतात. मामाच्या ओठांत सिगारेटऐवजी कोरडा, बारीक ब्रश असतो. पोटरी आवळली की तो सरळ म्हणतो, "थांब गं." मग मामीही भिंत बघते. तिला म्हणे गुलाबी दिसतो.

काल मीही बरोबर होतो. बोलता बोलता मोकळी जागा मागे पडली, मामा थांबलाच नाही. मामीने माझा हात दाबला, बोलू नको म्हणून. बरंच पुढे गेल्यावर तो थबकला.

"दुखलं का?" मामीने विचारलं.

"छे! शेळी बघायची राहिली," म्हणाला, आणि वळून चालू लागला.