न मोजलेले वीस श्वास

माझी भाची कल्याणी नुकतीच नर्स म्हणून लागली आहे. आज सकाळी चहा पिताना सहज म्हणाली, "मावशी, श्वास कोण मोजत बसतं गं? आमच्या वॉर्डात सगळ्या मिनिटाला वीसच लिहितात."

मी तिला बसवून हे सांगितलं. तुम्हीही ऐका.

मीही नर्स होते, मीही वीसच लिहायचे. १९८४ साल, घाटकोपरचं एक इस्पितळ. साकीनाक्याच्या कारखान्यातला एक कोकणी कामगार, पोटाच्या ऑपरेशननंतरचा तिसरा दिवस. त्याची बायको म्हणाली, "सिस्टर, ह्यांका दम लागता."

"ताप नाही, नाडी ठीक आहे. घाबरू नका," म्हणत मी न मोजताच तक्त्यावर वीस लिहिलं.

तासाभरात त्याचे ओठ निळे पडले. तेव्हा मोजले. मिनिटाला चाळीस.

डॉक्टर तक्ता बघून म्हणाले, "बारा वाजता तर वीस होते ना, सिस्टर?"

संध्याकाळी तो गेला. बायको माझा हात धरून म्हणाली, "तुमी खूप केलात."

मी तिला खरं सांगितलं नाही. आता कुठे शोधू तिला?

वॉर्डात काम करणाऱ्या मुलींनो, आज तुम्ही लिहिलेल्यांपैकी मोजलेले श्वास किती?