रोखलेला मजकूर

शिट्टी कुणाला आवडत नसे. आवडावं असं ते कामच नव्हतं.

जहाजांच्या लढाईचा एक ऑनलाइन खेळ आहे. आठ-आठ जणांचे संघ, प्रत्येक संघाला एक कप्तान. खरी लढाई मात्र खेळाबाहेर, गप्पांच्या मंचावर होते. तिथल्या मराठी विभागावर अकरा वर्षं एकच माणूस नजर ठेवून होता. घाण काढायची, समज द्यायची, फार झालं की खातं बंद करायचं. खातं बंद झालं की पोरं म्हणत, ‘शिट्टी बसली.’ पुढे माणसाचंच नाव शिट्टी पडलं.

प्रत्यक्षात ते शिलाई मशिनं दुरुस्त करायचे. मीही तिथलाच एक खेळाडू. त्यांचं दुकान माझ्या घरापासून तीन गल्ल्यांवर निघालं तेव्हा मी चकित झालो. ज्याच्या नावाने मंचावर सगळे चळचळ कापत, तो माणूस स्टुलावर बसून बॉबिनमध्ये अडकलेला धागा चिमट्याने ओढत होता. फोन एका उघड्या मशीनला टेकवलेला. हाताला तेल, म्हणून पडदा करंगळीने सरकवत होते.

“या साहित्यिक,” ते म्हणाले. “शिव्यांचं व्याकरण शिकवतात का हो तुमच्या मराठीच्या एम.ए.त?”

तेव्हापासून मी त्यांना काका म्हणतो.

खेळ चालवणाऱ्या कंपनीच्या चाळणीला मराठी शिव्या कळत नसत. काकांनी स्वतः यादी केली. तीनशे बारा शब्द. त्यातले सहा माझे. एम.ए.चा तेवढाच उपयोग झाला. यादीतला शब्द दिसला की मजकूर आपोआप अडायचा आणि खातं चार दिवस बंद व्हायचं. अडलेले मजकूर एका वेगळ्या खणात जमत. तो खण रोज तपासायचा, चुकून अडलेलं सोडून द्यायचं, हा नियमही काकांचाच.

त्यांची आई दुकानातच बसायची. गिऱ्हाइकांच्या मशिनांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवायची. एका दुपारी तिने काकांचा फोन हातात घेतला. ती अक्षराला अक्षर जोडून, मोठ्याने वाचायची.

“शिट्... टी... तु... झ्या... आ... ई... ला...”

ती थांबली. पुढचं मनातल्या मनात वाचलं.

“हे मला लिहिलंय का रे?”

“नाही गं. दुसऱ्या कुणाला तरी.”

“शिट्टी तूच ना?”

काकांनी तिच्या हातातून फोन घेतला आणि तिथल्या तिथे तीनशे तेरावा शब्द यादीत घातला. आई.

काकू हिशेबाच्या टेबलावरून म्हणाल्या, “अहो, हा शब्द कसा बंद करता?”

“तिथे तो चांगल्या अर्थाने कुणी वापरत नाही.”

दुसऱ्याच दिवशी आईस्क्रीम लिहिल्याबद्दल एकाला शिट्टी बसली. त्याने तक्रार केली. काकांनी त्याला सोडलं आणि कळवलं, ‘दुसरं काहीतरी खा.’ शब्द यादीत तसाच राहिला. शिवीगाळ थांबली नाहीच. ‘तुझ्या मातोश्रींना’ सुरू झालं, मग ‘तुझ्या जन्मदात्रीला’. इतकी शुद्ध मराठी त्या मंचावर आधी कुणी लिहिली नव्हती. ‘शिट्टी, घरी जा, कुकर बघ.’ ‘शिट्टी, तुझी हवा गेली.’ काकांना हटवा म्हणून दोनशे सह्यांचा अर्ज फिरला. कंपनीने काकांना बजावलं, तुमची एक चूक सिद्ध झाली की अधिकार काढून घेऊ.

मग तो रविवार आला. अंतिम सामना. माझ्या संघाच्या कप्तानाचं मंचावरचं नाव सुकाणू. बारा वाजले, तो आला नाही. आम्ही सात जण वीस मिनिटांत बुडालो. पंच म्हणून काकांनी निकाल लावला : ‘कप्तान न कळवता गैरहजर. संघ बाद.’

त्याखाली लोक तुटून पडले. पळपुटा. शेपूटघाल्या. कितीला विकला गेलास? चारशेच्या वर मजकूर. एकही शब्द यादीतला नव्हता, म्हणून सगळं टिकलं. त्यात दोन वाक्यं माझी होती. सुकाणूने एकालाही उत्तर दिलं नाही. गप्प आहे म्हणजे कबूल आहे, असं आम्ही ठरवून टाकलं.

त्या आठवड्यात एका कारखान्यातून काकांकडे एकोणीस मशिनं एकदम आली होती. खण त्यांनी उघडलाच नव्हता. गुरुवारी सकाळी दहाला उघडला. मी समोर बसलो होतो. त्यांनी फोन माझ्याकडे फिरवला.

‘आई पहाटे गेली. आज येऊ शकत नाही. माझ्या जागी कुणालातरी घ्या, संघ बाद होऊ देऊ नका.’

पाठवणारा सुकाणू. वेळ रविवार सकाळ, अकरा. खाली चाळणीचा शेरा : असभ्य भाषा, खाते चार दिवस बंद.

तासाभरात, अकरा वाजता त्याचं खातं उघडणार होतं. चारशे मजकूर तो वाचणार होता.

काकू उठून आल्या. वाचलं. “मशीनने खाल्लं म्हणा,” त्या म्हणाल्या. “कुणाला कळणार आहे?”

“मशीनला मी शिकवलंय.”

“अहो, अकरा वर्षं झाली. हे काम गेलं तर दिवसभर भांडणार कुणाशी? माझ्याशी?”

काका हसले नाहीत. त्यांनी यादीतून शब्द काढला आणि मंचावर लिहिलं :

‘सुकाणू पळाला नव्हता. त्याने वेळेत कळवलं होतं. तो शब्द यादीत मी घातला होता आणि खण मी चार दिवस पाहिला नाही. त्याचा मजकूर खाली जसाच्या तसा देतो. निकाल रद्द.’

पहिलं उत्तर मिनिटाच्या आत आलं. मग मोजता येईनात. अडवायला आता शब्द नव्हता. जुनी वाक्यं जुन्या रूपात परत आली, या वेळी काकांच्या आईवर. ज्यांनी सुकाणूला पळपुटा म्हटलं होतं तेच आता त्याच्या बाजूने दातओठ खात होते.

काकांनी स्वतःवरचा एकही मजकूर काढला नाही. ते रविवारच्या पानावर गेले आणि तिथले चारशे एकेक करून पुसू लागले. मध्येच थांबले.

“यात तुझी दोन आहेत.”

“माहीत आहे.”

“चार दिवस.”

“काका, मी...”

“चार दिवस,” ते म्हणाले, आणि माझ्या समोर करंगळीने माझं खातं बंद केलं.

अकराला पाच मिनिटं असताना कंपनीचं पत्र आलं. अधिकार बारा वाजेपर्यंत.

अकरा वाजून दोन मिनिटांनी सुकाणूने लिहिलं. काकांना उद्देशून, एकच ओळ. ती मी इथे देत नाही. आईवरून होती. यादीत उरलेल्या तीनशे बारांपैकी एकही शब्द तिच्यात नव्हता, म्हणून चाळणीने ती सोडली. अकरा वर्षांत काकांनी याहून सौम्य ओळींवर माणसं कायमची बाहेर काढली होती.

“ती तरी काढा,” काकू म्हणाल्या.

“त्याचं एकदा काढलंय.”

गिऱ्हाईक आलं. काकांनी सुई बदलून दिली. परत येऊन बसले. बारा वाजता पडद्यावरची काढण्याची, अडवण्याची, बंद करण्याची बटणं गेली. उरली फक्त उत्तराची रिकामी चौकट, सगळ्यांना असते तशी.

“तू शिकलेला आहेस,” ते मला म्हणाले. “काय लिहू?”

दुःखद निधन, सांत्वन, क्षमस्व, सगळे शब्द माझ्याकडे होते. त्यातला एकही त्या ओळीखाली ठेवता येत नव्हता.

त्यांनी हात फडक्याला पुसले. या वेळी दोन्ही. मग एकच शब्द लिहिला : ‘वाचलं.’

उत्तर लगेच आलं.

‘पुन्हा वाच.’

काकांनी पुन्हा वाचलं.