नंबरखालूंचा सवाल

एखाद्या मोठ्या खेळाडूचं नाव निघालं की नंबरखालूंचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं व्हायचं. आधी नाक आक्रसायचं, मग डावा डोळा बारीक व्हायचा आणि शेवटी घशातून 'ह्यॅट' असा आवाज यायचा. तो आवाज ऐकला की माझ्या दुकानात टेकलेले ड्रायव्हर सरसावून बसायचे, कारण आता तासाभराची करमणूक ठरलेली. मी मात्र कपाळाला हात लावायचो. धंद्याच्या वेळेला फुटबॉलच्या नावाने शिमगा म्हणजे डोक्याला ताप.

कोणाच्याच मावशीचे यजमान नसूनही ते सगळ्या बाजाराचे खालू होते. गाव तुडील. उमेद सगळी मस्कतला ट्रेलर चालवण्यात गेली, आणि परत आल्यावर करायला काही उरलं नाही म्हणून रोज सकाळच्या एसटीने महाडला यायचे. माझं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान स्टँडजवळच आहे, तिथे काउंटरच्या कडेचं स्टूल त्यांनी परस्पर आपल्या नावावर करून घेतलं होतं. ज्याला त्याला नंबर द्यायची त्यांना खोड. बाजारातले डॉक्टर, बेकरीतले पाव, एसटीचे कंडक्टर, कोणी सुटलं नाही. एकदा मी त्यांना कौतुकाने सवच्या गरम पाण्याच्या कुंडावर नेलं. पाय बुडवून थोडा वेळ बसले आणि म्हणाले, "दोन नंबर. एक नंबरचं पाणी तिकडं ओमानात हाय."

फुटबॉल आणि बास्केटबॉल ही दोन खुळं त्यांनी तिकडूनच आणली. कंपनीच्या कॅम्पात जेवणाच्या हॉलमध्ये एकच टीव्ही. त्यावर इजिप्तचे कामगार फुटबॉल लावायचे, आणि बाहेर फिलिपिनो पोरांनी खांबाला पिंपाचं कडं ठोकून बास्केटबॉलची रिंग केली होती. खालूंनी दोन्हीकडे हजेरी लावली. चेंडूला मात्र जन्मात हात लावला नाही की पाय लावला नाही. मी एकदा ते तोंडावर बोलून दाखवलं. त्यावर म्हणाले, "बिर्याणी चाखायला बकरा व्हायला लागतं काय रे, प्रकाश?"

खेळाडूंची खरी नावं ते फार घेत नसत. एकजण सगळ्यांच्या पायांतून चेंडू काढत पुढे जायचा, तो 'सुईदोरा'. दुसरा गोल झाला की मैदानावरच्या मोठ्या पडद्यात आपले केस बघायचा, तो 'आरसा'. बास्केटबॉलमधला एक उंच गडी चेंडू टाकल्यावर रिंगला लोंबकळत राहायचा, तो अर्थातच 'झुंबर'. पुढे पुढे ड्रायव्हरही तीच नावं वापरायला लागले. रायगडावर जायला निघालेले एक पाहुणे कूलंटची बाटली घ्यायला दुकानात आले, तर आत चाललेलं बोलणं ऐकून त्यांना वाटलं की आम्ही लग्नाचं सामान भाड्याने देतो.

हसण्यासारखं होतं तेवढं हसलो. पण या नंबरबाजीची मला पुढे पुढे शिसारी यायला लागली. ज्यांना महाड नावाचं गाव आहे हे सात जन्मांत कळणार नाही, त्यांच्यापायी इथे आईबहिणींचा उद्धार व्हायचा. ड्रायव्हर मोबाइल एकमेकांच्या नाकासमोर धरायचे, तुझा श्रेष्ठ की माझा श्रेष्ठ. पोलादपूरचा एक आणि आमच्या बाजारातला एक, सख्खे शेजारी शोभतील असे दोन ड्रायव्हर, आरसा आणि सुईदोरा यांच्यावरून गळपट्टी धरेपर्यंत गेले आणि चहाचा अख्खा ट्रे माझ्या नव्या फिल्टरच्या खोक्यांवर सांडला. खालूंना त्या भांडणाची लाज वाटली नाही. त्यांना किळस आली ती दोघांनी लावलेल्या क्रमाची. दोघांनीही झुंबराला तिसरा धरला होता, आणि फुटबॉलवाल्यांत त्याला धरावंच कशाला, असा त्यांचा आक्षेप होता.

तरी माणूस सोन्यासारखा होता, हे कबूल केलंच पाहिजे. सावित्री नदीचं पाणी बाजारात शिरलं आणि माझं दुकान छतापर्यंत बुडालं, तेव्हा पाणी ओसरल्यावर पहिले आले ते खालू. पायजमा गुडघ्यावर गुंडाळून त्या वयात त्यांनी चिखल उपसला. एकेक बेअरिंग डिझेलमध्ये धुऊन, पुसून, वर्तमानपत्रावर मांडलं. त्यांच्या बायको, म्हणजे आमच्या खाला, घरून तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी पाठवायच्या, ते आम्ही चिखलातच बसून खायचो. असं करणाऱ्याला हातरुमाल घेऊन स्टूल पुसून द्यावं, दुसरं काय.

त्याच पुराने खालूंचं डोकं फिरवलं. झालं असं, की पूर येण्याआधी माझा मेव्हणा दुकानात आला होता आणि खालूंनी सवयीने त्याला विचारलं होतं, सगळ्यांत भारी खेळाडू कोण? मेव्हण्याने आरशाचं नाव घेतलं. तो गेल्यावर खालू म्हणाले की हा ऐनवेळी पाठ फिरवणार. मग पाणी चढायला लागलं, माल हलवायला मेव्हण्याचा टेम्पो हवा होता, आणि पठ्ठ्याचा फोन बंद. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. पण बाजारात बभ्रा झाला की नंबरखालू एका सवालात माणूस ओळखतात. खालूंनाही ते खरं वाटायला लागलं. माणूस कोणाला पहिला नंबर देतो त्यावरून तो घरात कसा वागेल ते कळतं, असा त्यांनी सिद्धांतच करून टाकला.

इथवर सगळं चाललं असतं. पण खालूंना एकुलती एक मुलगी होती, शबनम. पोलादपूरला शाळेत शिकवायची, तुडीलहून रोज एसटीने जाऊन-येऊन. हुशार, मितभाषी, आणि हसली की बापासारखाच डावा डोळा बारीक व्हायचा. तिला स्थळं यायला लागली आणि खालूंनी तो सवाल जावई निवडायला काढला.

पहिलं स्थळ कुवेतहून सुट्टीवर आलेल्या मुलाचं. त्याने आरशाचं नाव घेतलं, त्याची फाईल तिथेच बंद. दुसरा म्हणाला, त्याला एक गोलकीपर आवडतो. खालूंनी मला सांगताना असं तोंड केलं की जणू त्या मुलाने ताटात थुंकलंय. त्यांचं म्हणणं, हा जागेवर बसून राहणारा, चेंडू अंगावर आला तरच हात उचलणार. मी म्हटलं, अहो, गोलकीपरचं कामच ते. पण ऐकून घेणार कोण?

तिसऱ्या वेळेला त्यांनी मलाच तुडीलला घरी नेलं, चार प्रतिष्ठित माणसांत शोभावं म्हणून. मुलगा पोलादपूरचा, स्वतःची रक्त तपासायची लॅब चालवणारा, साधा, बोलायला मोकळा. सामोसे झाले, शिरखुर्मा झाला, मुलाच्या आईने घराचं कौतुक केलं. मग खालूंनी खाकरून सवाल टाकला, सुईदोरा की आरसा? मुलगा म्हणाला, "दोघंही भारी आहेत, खालू. पण दोघांना एका टीममध्ये घातलं, तर पास कोण कोणाला देणार?"

आत, पडद्यामागे, शबनम हसली. चांगली खळखळून हसली. मी ऐकलं, मुलाने ऐकलं आणि त्याचे कान लाल झाले. मला वाटलं, जमलं. खालूंकडे बघितलं तर तोंडावर एरंडेल. पाहुणे गेल्यावर मला म्हणाले, "हा निकाल देत नाय रे. उद्या घरात भांडण झालं तर हा दारात जाऊन उभा ऱ्हाईल." मी सांगून बघितलं की पोर हसली, ते तरी बघा. तर म्हणे हसायला काय, ती सर्कशीतल्या विदूषकालाही हसते. स्थळ परत गेलं. शबनम काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या एसटीने शाळेत गेली.

त्यानंतर स्थळं येत गेली आणि जात गेली. मला त्या स्टुलावरच्या गप्पांचा इतका वीट आला, की एकदा ड्रायव्हरांसमोरच मी सुनावलं: परदेशातल्या चेंडूवाल्यांपायी पोरीचं आयुष्य वाया घालवताय, हात दाखवून अवलक्षण करून घेताय. खालू उठले आणि गेले. कितीतरी दिवस फिरकले नाहीत. मग एका सकाळी खाला आल्या. काउंटरला धरून उभ्या राहिल्या, पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाल्या, "भाऊ, पोरगी रडली असती तर मी समजावली असती. ती रडत नाय, बोलत नाय. तुमी या एकदा घरी." एवढंच बोलून गेल्या. गिऱ्हाईक समोर उभं होतं, त्याला काय हवं ते मला दोनदा विचारावं लागलं.

मी गेलो त्या दिवशी नेमके पाहुणे आले होते. महाडचेच एक ट्रान्सपोर्टवाले, बायको वारलेली, वय जरा पुढे गेलेलं, पण माणूस सभ्य. म्हणजे आता असली स्थळं येत होती. खालू माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलले. चहा झाला. मग त्यांनी खाकरलं. सवाल विचारून झाला. पाहुणे बिचारे आठवायला लागले, कोणाचं नाव घ्यावं.

तेवढ्यात पडदा बाजूला करून शबनम बाहेर आली. पदर सावरून बापासमोरच्या खुर्चीवर बसली. पाहुण्यांना म्हणाली, "तुम्ही उत्तर देऊ नका. काहीही बोललात तरी ते चुकीचंच ठरेल." आणि मग खालूंकडे वळली. आवाज चढला नव्हता, वर्गात शिकवताना असेल तसाच होता.

"अब्बा, पोलादपूरचा तो मला आवडला होता. तुम्ही सगळ्यांना विचारलंत. मला विचारलंच नाहीत."

पाहुणे भले गृहस्थ, हळूच उठले, खालूंच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेले. खाला तोंडाला पदर लावून आत गेल्या. खालू तोंडात मारल्यासारखे बसून होते. मला त्यांचा संताप यायला हवा होता, आणि आलाही होता, पण त्या क्षणी त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी ते दुकानात आले आणि म्हणाले, गाडी काढ. पोलादपूरला त्या मुलाच्या घरी पोचलो. त्याच्या आईने ओळखलं, या बसा केलं, मानपान ठेवला. सरबत घेऊन एक तरुण मुलगी बाहेर आली, आणि तिच्या हातावरची मेंदी अजून पुरती गेली नव्हती. आम्हाला काही विचारायची गरजच पडली नाही. खालूंनी सरबताचा ग्लास शेवटच्या थेंबापर्यंत संपवला, त्या सुनेच्या डोक्यावर हात ठेवला, तिला दुवा दिली. परतताना महाडचा पूल आला. मग म्हणाले, "चांगलं घर होतं रे, प्रकाश." मी गाडी चालवत राहिलो.

त्यानंतर त्यांनी कोणाला नंबर दिला नाही. स्टुलावर यायचे, बसायचे, पण ड्रायव्हरांनी मुद्दाम आरशाचं नाव काढलं तरी रस्त्याकडे बघत राहायचे. मला वाटायचं, बरं झालं, कटकट गेली. आणि मग मलाच तो 'ह्यॅट' ऐकायला मिळत नाही म्हणून चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं. शबनमने पुढे लग्न केलं नाही. स्थळं आली, खालूंनी प्रत्येक वेळी हात जोडून तिलाच विचारलं, पण तीच नको म्हणाली. शाळा होती, शाळेतली पोरं होती, आणि आता बापाचा दमाही होता.

गेल्या वर्षी तो दमा बळावला. मी शहाळी घेऊन तुडीलला गेलो तेव्हा खालू खाटेवर उशांना टेकून बसले होते, छातीचा भाता वाजत होता. समोर टीव्हीवर कुठलीशी फुटबॉलची मॅच, आवाज बंद केलेला. शबनम त्यांना चमच्याने पेज भरवत होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून डॉक्टर काय म्हणाले ते विचारलं. त्यांनी मला हाताने थांबवलं आणि मुलीकडे बघितलं. बराच वेळ दम गोळा केला. मग म्हणाले, "शब्बो, माझा कितवा नंबर गो?"

मला वाटलं, ती आता रागावेल, किंवा म्हाताऱ्याचं मन राखायला काहीतरी गोड बोलेल. तिने चमचा वाटीत ठेवला. त्यांच्या हनुवटीवरची पेज पुसली.

"पहिला, अब्बा," ती म्हणाली. "म्हणून तर मी पोलादपूरच्या वेळेला बोलले नाही."